पावतीच्या मागच्या बाजूला

सावद्याच्या काट्यावर एकोणीस वर्षं
मी पावत्या फाडतोय.
पुढच्या बाजूला गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन.
मागची बाजू कोरी असते.
तिथे मी लिहून ठेवतो कोण काय बोललं ते.
मालकाला वाटतं, उधारी.

टिश्यू पहिल्यांदा आला तो जीपमधून,
काळ्या ट्रेमध्ये, वीतभर उंचीचा, चार पानांचा.
तोवर आम्ही कंद लावायचो.
चावदस झोपेनं विचारलं, "याले काय म्हनतात भो?"
कंपनीच्या पोरानं सांगितलं ते दोन शब्दांचं होतं.
दुसरा चावदसनं तिथेच, बांधावर, टाकून दिला,
वाळलं पान कापून टाकावं तसा,
आणि पहिला घरी नेला.
महिन्याभरात त्याची बाई झाली:
टिश्यू लावली, टिश्यू निसवली,
टिश्यू यंदा वादळात झोपली.
हा अर्ज कुठल्या कचेरीत गेला,
सही कोणाची, मला सापडलं नाही.
केळ बाई, म्हणून तीही बाई, इतकंच असावं.

एक्सपोर्ट हा शब्द पाच वर्षं
फक्त घडाचा होता.
डाग नसलेल्या, तेरा किलोच्या खोक्यात
नीट बसणाऱ्या फण्यांचा.
मग हुरमत तडवीची सुग्राबाई
होणाऱ्या जावयाबद्दल म्हणाली,
"पोरगा एक्सपोर्ट हाये."
काट्यावरचे सगळे हसले.
दुसऱ्या दिवशी सगळे तेच म्हणाले,
हसणं तेवढं वगळून.
असाच आत येतो बहुतेक शब्द.
आधी गंमत म्हणून ओट्यावर टेकतो,
पाणी मागतो,
मग चूल कधी वापरायला लागला ते घरालाही कळत नाही.

सगळेच टिकतात असं नाही.
लॉजिस्टिक दोनदा येऊन गेला.
गाडी लावायला जागा मिळाली नाही त्याला.

भुसावळच्या हॉटेलात, पुतण्याच्या साखरपुड्यात,
वेटरनं वाकून विचारलं, "टिश्यू देऊ?"
चावदस म्हणाला, "कितीले रोप?"
हेही आहे एका पावतीवर,
तेलाचा डाग पडलेल्या.

मागच्या पौषात
चावदसच्या सुनेच्या, मंदाकिनीच्या, मानेत गाठ निघाली.
जळगावहून परतताना तो काट्यावर उतरला,
घरी न जाता.
खुर्ची होती तरी पोत्यावर बसला.
"टिश्यू पुण्याले पाठवला म्हने डॉक्टर.
दहा दिवस लागतीन."
बराच वेळ काट्याच्या आकड्याकडे बघत राहिला,
गाडी नव्हती, शून्यच होतं.
मग म्हणाला,
"पाठवला म्हने रे तो. पाठवली नाही."

त्या दहा दिवसांत गाड्या येत होत्या,
नवती भरून, पीलबाग भरून,
पंजाबकडे, काश्मीरकडे जाणाऱ्या.
काट्यावर कोणी टिश्यू म्हटलं नाही.
रोपं म्हणाले, खोडं म्हणाले,
एकानं तर कंपनीचं नाव घेऊन भागवलं.
कंद हा शब्दसुद्धा मी ऐकला दोनदा,
कित्येक वर्षांनी, वयस्कर माणसासारखा
दबकत आत आलेला.
असं करायचं कोणी ठरवलं नव्हतं.
ठरवलं असतं तर जमलं नसतं.

अकराव्या दिवशी चावदसचा फोन आला.
मागे दवाखान्याची घंटा वाजत होती,
कोणाचा तरी नंबर पुकारत होते.
"टिश्यू चांगली निघाली,"
एवढंच बोलला.
मी मोठ्यानं सांगितलं सगळ्यांना, जसंच्या तसं.
हुरमतनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

खिडकीशी उभा होता एक परका ड्रायव्हर,
लुधियानाची गाडी, सतरा टन.
मराठीतलं जेवढं कळलं
तेवढ्यावरून त्यानं विचारलं,
"कौन सी कंपनी की?"

मी पावती उलटी केली.
तारीख घातली, शब्द लिहिला,
आणि शब्दापुढे, कोशात असतं तसं, स्त्री.
मग लक्षात आलं, पावती त्याची आहे.
दुसरी फाडून दिली.